मंगळवारचा पिवळा कागद

कुणाचीही शपथ घ्यायला सांगा, आत्ता घेते. ह्यातला शब्द अन् शब्द खरा आहे. आजी थापा मारते असं म्हणणाऱ्यांनी आधीच उठून जावं.

आमची पूर्वा, म्हणजे माझी नात, हवेतल्या धुळीचा अभ्यास करते. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तिनं एक मशीन बसवलं होतं. दिवसभर घुरघुरत हवा ओढायचं आणि आतल्या गोल पांढऱ्या कागदावर धूळ धरून ठेवायचं. रोज नवा कागद. कॉलेजात तो तपासला की धूळ कुठनं आली ते कळतं म्हणे. माती निघाली तर रस्त्याची, काजळी निघाली तर गाड्यांची, पोटॅशियम जास्त निघालं तर कुणीतरी पालापाचोळा जाळलाय.

मी म्हटलं, "अगं, हे तर धुळीचं गोत्र काढणं झालं!"

आता माझं ऐका. माझं माहेर लोणी काळभोर. लग्नात तिथनं दोन गोष्टी आणल्या, एक लोखंडी तवा आणि दुसरी मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. गेल्या वर्षी तोंडात फोड आला, डॉक्टर रागावले. पूर्वानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मिश्री सोडायला लावली. सोडली मी. चांगली अकरा दिवस.

मंगळवारी पूर्वा कॉलेजात, सून नंदा ऑफिसात. घरात भाजली तर वास पडद्यांना चिकटतो. म्हणून मी शेगडी आणि तवा घेऊन गच्चीवर जायची. वारा लागू नये म्हणून आडोसा शोधला. आडोसा नेमका त्या मशीनचा होता. धूर असा की वरनं जाणारा कावळा शिंकला. शप्पथ, शिंकला.

दोन महिन्यांनी पूर्वा कागद पसरून बसली.

"आजी, बघ ना. सगळे कागद करडे आणि मंगळवारचे पिवळे, चहा सांडल्यासारखे. पोटॅशियम तर कायच्या काय!"

मी कागदाकडं बघितलं आणि मला माझेच दात दिसले.

मंगळवारी सोसायटीतला पाला आमचा सफाईवाला कचरू झाडतो. मागच्या थंडीत तो पाला जाळताना सापडला होता. पूर्वा सेक्रेटरी हिंमतरावांना सहज बोलून गेली आणि त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली.

"साहेब, तुम्ही बोलला त्या दिवसापासनं काडी लावली नाय," कचरू म्हणाला. "पोरीची शाळा हितंच हाय."

"मशीनला तुमच्याशी वैर नाही," हिंमतराव म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. पंपाशेजारची खोली महिनाअखेर रिकामी करा."

मी तिथल्या तिथं उठले. "तो धूर माझा आहे. मी गच्चीवर मिश्री भाजते."

एकच हशा पिकला.

"आजी," हिंमतराव म्हणाले, "मागे तुम्हीच सांगितलंत, कोथरूड डेपोत वाघ बसमध्ये चढला आणि कंडक्टरनं त्याला खिडकीची जागा दिली. बसा आता. कचरूची दया येते तुम्हाला, कळतं आम्हाला."

जन्मभर मारलेल्या थापा अशा एकदम माझ्या अंगावर आल्या. मी पूर्वाकडं वळले.

"सगळे मंगळवार पिवळे आहेत का गं?"

तिनं वही उघडली. "एक सोडून. सतरा तारखेचा करडाच आहे."

"त्या दिवशी मला ताप होता. अंथरुणातनं उठले नाही मी. कचरूनं मात्र पाला झाडला होता. विचार सगळ्यांना."

आता कुणी हसलं नाही. मी कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली. पूर्वा डबीकडं बघत राहिली, माझ्याकडं नाही.

"आजी, माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास."

एवढंच बोलली. दोन महिन्यांचे मंगळवार तिला बाजूला काढावे लागले. तिच्या रिपोर्टमध्ये आता 'स्थानिक स्रोत' असं एक कलम आहे. स्थानिक स्रोत म्हणजे मी.

हिंमतराव कचरूला म्हणाले, "उद्या वेळेवर या," जसं काही उशीर त्याचाच झाला होता. कचरू माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी लाजली.

शब्द अन् शब्द खरा म्हटलं ना मी? एक गोष्ट सोडून. मीटिंग त्याच संध्याकाळी झाली, पण मी तेव्हा उठले नाही. उठले ती नऊ दिवसांनी, दुसऱ्या मीटिंगला. ते नऊ दिवस कचरूची पोरगी राधा भांडी पोत्यात भरत होती आणि मी खिडकीतनं बघत होते.

पहिल्या मीटिंगला हिंमतरावांनी मला विचारलं होतं, "आजी, तुम्ही दिवसभर घरी असता. धूर दिसतो ना?"

मी म्हटलं होतं, "दिसतो की. पालाच जळतो."