एक पाटा कमी

"मॅडम, एक पाटा वाढवून देतो. मंग रेती भरा का गिट्टी, गाडी हू का चू करणार नाई," गाडीखालून धनीरामचा आवाज आला.

"रेती भराची नाई मले," बेबीबाई म्हणाली. "वाढवू नको. एक काढ."

धनीराम पाठीवर घसटत बाहेर आला आणि तिथंच, बेबीबाईच्या घरामागच्या मातीत, उठून बसला. हायवेवर त्याचं कमानीचं दुकान होतं. लोखंडी पट्ट्या, म्हणजे पाटे, एकावर एक रचून केलेली कमान गाडीच्या मागच्या चाकांवर बसते आणि सगळं ओझं झेलते. वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर त्याच्या दारात येत आणि प्रत्येक ड्रायव्हर एकच मागणी करी, पाटा वाढव. जितके पाटे जास्त, तितकी कमान कडक आणि माल जास्त. धनीरामनं जन्मभर पाटे वाढवले होते. काढायला आजवर कोणी आलं नव्हतं, असं त्यानं बेबीबाईला सांगितलं, आणि मग जरा अदबीनं विचारलं, की मॅडमला नेमकं काय न्यायचं आहे?

"म्हातारी," बेबीबाई म्हणाली. "मणका दबलेली."

बेबीबाई खोब्रागडे ही नर्स होती. होती म्हणजे सरकारच्या लेखी होती. रिटायर झाली तरी भंडाऱ्यातल्या तिच्या वॉर्डातली अर्धी माणसं बीपी तपासायला अजून तिच्याकडेच येत. तिची सगळी नोकरी नदीकाठच्या खेड्यांत गेली आणि त्या नोकरीत ती कायम मागं बसली. आधी नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर, मग कुणाच्या लुनावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि एसटीत तर जागा मिळायची ती शेवटच्या बाकड्यावरच, बरोब्बर चाकाच्या वर. लसींचा डबा मांडीवर धरून तिनं खड्डे खाल्ले. मागचं चाक कसं उडतं, कसं आपटतं, हे तिला कोणत्याही पुस्तकातून शिकावं लागलं नाही, तिच्या कमरेला ते पाठ होतं.

तेव्हा रिटायर झाल्यावर तिनं पाटल्या करून घ्यायच्या सोडून गाडी घेतली, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. पण गाडी घेतली ती कसली! लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसांची, वरून उघडी. विलायतेत बनलेली. आधी मॅंगनीजच्या खाणीतल्या एका साहेबाची होती, मग भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांची झाली आणि डॉक्टर गेल्यावर त्यांच्या गोठ्यात कोंबड्यांची. बेबीबाईनं कोंबड्यांना उठवलं आणि गाडी आपल्या सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. वॉर्डात हसू झालं. पुण्याहून अश्वजितचा, तिच्या मुलाचा, फोन आला. तो म्हणाला, की आई, तुला गाडीच हवी तर मी छोटी ऑटोमॅटिक घेऊन देतो, पण हे काय, लोक काय म्हणतील, आणि या वयात माणसानं जरा निवांत बसावं.

"बसलीच होती ना रे बाबू," ती म्हणाली. "जिंदगीभर मागंच बसली. आता चालवाची आहे मले."

या निवांत बसण्याबद्दल एकदा बोललंच पाहिजे. बाई जरा पिकली, की तिला बसा म्हणणाऱ्यांची रांग लागते. तिनं उभ्या आयुष्यात बसायला मागितलं तेव्हा कोणी पाट सरकवला नव्हता, आता मात्र सगळ्यांना तिच्या गुडघ्यांची कळकळ येते.

रंभाबाईला तर बसाही म्हणत नव्हते, पडून राहा म्हणत होते. ही रंभाबाई म्हणजे बेबीबाईच्या पहिल्या गावची, मोहटोल्याची, सुईण. दोघींनी मिळून त्या गावातली एक अख्खी पिढी जगात आणली. नंतर गोसीखुर्दचं धरण भरलं आणि मोहटोला पाण्याखाली गेला. गावाला दुसरीकडे प्लॉट मिळाले. रंभाबाईचा मुलगा अमर मात्र भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानात नोकरीला लागला आणि बेबीबाईच्या मागच्याच गल्लीत राहायला आला. दरवर्षी वैशाखात पाणी उतरलं, की जुन्या गावाची जोती वर येतात. गावची माणसं तिथं जातात, आपापल्या जोत्यावर घटकाभर बसतात आणि परत येतात. रंभाबाई दोन उन्हाळे गेली नव्हती. मणका दबला होता. डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि अमरनं ते देवाच्या शब्दासारखं धरलं होतं. कोणी ऑटोवाला तिला न्यायला तयार होईना, कारण अमरनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

यंदा ती बेबीबाईला म्हणाली होती, "शिष्टर, पुढच्या वैशाखाले मी नसन. मले माहं घर पाहाचं आहे."

तेवढ्यासाठी ही सगळी खटपट. गाडीचे जुने शॉकअप तेल गळून मेले होते. ते बेबीबाईनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतः उतरवले, एका छोट्या गाडीचे नवे नळीचे शॉकअप आणले आणि ते बसवायला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. कमानीच्या डोळ्यांतले, म्हणजे टोकांच्या भोकांतले, रबरी बुश कोंबड्यांच्या काळापासून कुजले होते, तेही नवे घातले. पाटे मात्र तिच्या हातानं सुटले नाहीत, म्हणून धनीरामला घरी बोलावलं होतं.

त्यानं दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. वजन देऊन बोल्ट आवळावे लागतात, नाहीतर रबर पिळून राहतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आता म्हातारीचं वजन कुठून आणायचं? बेबीबाईनं घरातला धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, आणून सीटवर ठेवला. इकडे भल्याभल्या गोष्टींचं वजन कट्ट्यानंच सांगतात. रंभाबाई म्हणजे जास्तीत जास्त एक कट्टा, असं तिनं धरलं आणि धनीरामनं पान्ह्यावर जोर दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं रंभाबाईला शेजारी बसवून वॉर्डातच एक फेरी मारली. शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी मागून टणकन उडाली. रंभाबाई ओरडली नाही. तिनं ओठ मिटले, दाराची कड धरली आणि तिच्या कपाळावर घाम आला. बेबीबाई तिथूनच मागं फिरली. सांदवाडीत आल्यावर तिनं रंभाबाईला दोन्ही हातांवर उचलून खाली घेतलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. हातांत काही वजनच नव्हतं. पोथडीभर हाडं होती. बाळंतिणीला एकटीनं उचलून खाटेवर घेणारी ही बाई आता कट्ट्याएवढीही उरली नव्हती, आणि रोज तिचं बीपी तपासणाऱ्या नर्सला ते कळलं नव्हतं. बेबीबाईला स्वतःचा संताप आला. तिनं धनीरामला फोन लावला आणि आणखी एक पाटा काढायचा म्हणून सांगितलं.

धनीराम आला, पण यावेळी तो कुरकुरला. इतकी नरम कमान ठेवली, तर गाडी कोणत्या कामाची राहील?

"मॅडम, दुसरं कोनी धडधाकट बसलं तं मागून बुड टेकन."

"दुसरं कोनी बसणार नाई."

मग तो कामाला लागला. पाटे उतरले, यू बोल्ट पुन्हा चढले. गाडी जॅकवरून चाकांवर आली. बुशचे बोल्ट ढिले ठेवून बेबीबाई स्टिअरिंगवर बसली आणि शेजारी, कट्ट्याच्या जागी, खुद्द रंभाबाई. पाठीमागे गोधडीची घडी. धनीराम खालून सांगत होता, की आता हलू नका, आणि दोघी म्हाताऱ्या फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ बसून होत्या.

तेवढ्यात अमर आला. त्याला कोणीतरी दुकानात जाऊन सांगितलं असणार.

"आई, उतर," तो म्हणाला.

अमर वाईट मुलगा नव्हे. आईला रोज उचलून न्हाणीत नेणारा, तिच्या पाठीला तेल चोळणारा मुलगा आहे तो. पण काळजी करता करता त्याला पहारा करायची सवय लागली होती. तो बेबीबाईला बरंच काही बोलला. डॉक्टर काय म्हणाले, एक हाड सरकलं तर ती उठायची नाही, आणि तुम्ही नर्स असून असं करता. बेबीबाईनं ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"काई झालं तं मी जबाबदार," ती म्हणाली. "लिहून पायजे का तुले?"

"लिहून कायले पायजे मले? आई पायजे."

त्याचा आवाज फुटला. गाडीखाली पान्ह्याचा आवाज थांबला.

रंभाबाईनं मान वळवली नाही, कारण हलायचं नव्हतं. समोर पाहतच ती म्हणाली, "मी काय मडकं आहो का रे, फुटन म्हून कोनाड्यात ठेवाले? फुटलं तं फुटलं. पानी तं भरून आनू दे."

अमर वळून निघून गेला. हो म्हणाला नाही. खालून धनीरामनं हळूच विचारलं, की आवळू ना?

"आवळ," रंभाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमर दुकानात गेल्यावर दोघी निघाल्या. लपूनछपून म्हणायचं तर ते शक्यच नव्हतं, त्या लाल गाडीत काही लपत नाही. रंभाबाईनं डोक्यावरून पदर घेऊन वर बेबीबाईचा स्कार्फ बांधला होता. चौकातल्या ऑटोवाल्यांनी मोबाइल काढले. पवनीच्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर धडधडत अंगावरून जात होते, त्यांच्या मागच्या कमानी जाड आणि कडक, आणि त्यांच्यामधून ही नरम पाठीची बुटकी गाडी चालली होती. मोठा रस्ता सुटला आणि खड्डे सुरू झाले. पहिल्या खड्ड्याला बेबीबाईनं श्वास धरला. मागचं बुड खाली गेलं, सावकाश वर आलं आणि थांबलं. दुसऱ्या उडीचं नाव नाही. आयुष्यभर जे मागच्या बाकड्यावर मिळालं नव्हतं ते आपण शेजारच्या सीटला दिलं, या विचारानं तिला इतकं बरं वाटलं, की ती एकटीच हसली. तरी प्रत्येक खड्ड्याला तिची नजर रंभाबाईच्या तोंडाकडे जाई.

शेवटी रंभाबाई वैतागली. "माह्या तोंडाकडं काय पाहून राहिली? रस्त्याकडं पाह."

जुना डांबरी रस्ता पळसांमधून उतरत गेला. पुढं कोणी माणूस दिसेना तेव्हाच बेबीबाईला शंका आली होती. वळण संपलं आणि रस्ता सरळ पाण्यात गेला. यंदा पाणी उतरलंच नव्हतं. जोती नव्हती, पार नव्हता, विहिरीचा काठ नव्हता. डांबराची काळी पट्टी थोडी दूरपर्यंत पाण्याखाली दिसत होती आणि मग तीही नाही. गावच्या कोणाला तरी आधी फोन करून विचारायला हवं होतं, इतकी साधी गोष्ट. बोल्ट, बुश, पाटे या नादात तिच्या डोक्यातच आली नाही. तिनं गाडी थांबवली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"अजून थोडी पुढं घे," रंभाबाई म्हणाली.

"पुढं पानी आहे, रंभाबाई."

"दिसते मले. घे."

बेबीबाईनं गाडी पुढं घेतली, पुढची चाकं पाण्याला लागेपर्यंत, आणि इंजिन बंद केलं. रंभाबाई बसून राहिली. रडली नाही, सुस्कारा सोडला नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. एकदा तिनं बोट उचलून डावीकडे काहीतरी मोजल्यासारखं केलं, मग समोर पाहिलं आणि पाठ गोधडीला टेकवली. बाळंतीण मोकळी झाल्यावर ती अशी भिंतीला टेकून बसायची, ते बेबीबाईला ओळखीचं होतं. परत निघू या का, असं दोनदा तिच्या ओठांवर आलं, पण तिनं विचारलं नाही.

ऊन चढलं तेव्हा फोन वाजला. अमरचा होता. जेवायला घरी आला तर खाट रिकामी. त्याच्या आवाजात राग थोडाच होता, भीती जास्त होती. आई कुठं आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बेबीबाईनं फोन रंभाबाईपुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

"सांग त्याले," पाण्याकडे बघत ती म्हणाली, "आई घरी आहे म्हून."

बेबीबाईनं फोन कानाला लावला. "अमर, आई घरी आहे."

पलीकडे तो रिकाम्या खाटेवर बसला असावा, खाट करकरली. मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "काई दिसते का?"

बेबीबाईनं तो प्रश्न रंभाबाईला तसाच सांगितला.

"सारं दिसते, म्हन."

समोर या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी होतं. बेबीबाईनं अमरला सांगितलं, की सारं दिसते.