होयबाची उडी

वीज कचेरीतल्या तक्रार खिडकीमागे मी बसतो. खिडकीच्या काचेला तोंडाच्या उंचीवर एक गोल भोक आहे. त्यातून लोकांचा संताप आत येतो आणि माझा होकार बाहेर जातो. चूक कुणाचीही असो, मी मान डोलावतो. कचेरीतले सगळे मला होयबा म्हणतात, आणि त्यावरही मी मानच डोलावतो.

असा माणूस विमानातून उड्या मारायला का जातो, हे घरात कुणाला उमगले नव्हते. मलाही ते नीट सांगता येत नसे. वर, ढगांच्या पलीकडे, कुणाचीही रांग नसते, एवढेच मला ठाऊक होते.

पॅराशूट उघडण्याआधी जे नुसते पडणे असते, त्यात स्थिर राहायला शिकणे म्हणजे अर्धी विद्या. शरीराची कमान करायची: कंबर पुढे, हनुवटी वर, हातपाय सैल पसरलेले. पोट साऱ्या जगापुढे उघडे टाकायचे. आयुष्यभर खांदे आत ओढून बसलेल्या माणसाला हे भर चौकात सदरा काढून उभे राहण्यासारखे होते. तरीही ते मला जमले. निदान बाईंनी माझा पट्टा धरलेला असेपर्यंत. बाई म्हणजे आमच्या प्रशिक्षक, पन्नाशीच्या, बुटक्या, विमानाच्या इंजिनावर मात करील अशा आवाजाच्या. त्या माझ्या डाव्या हाताला तरंगत. त्यांनी पट्टा सोडला की क्षितिज हळूच सरकू लागे, आणि बघता बघता मी भिंगरीसारखा फिरू लागे. मग बाई झेपावून मला पकडत, सावरत, आणि उघडलेल्या पॅराशूटखाली मी एकटाच खाली येई. आकाशातून उतरतानाही माणसाला तोंड लपवावेसे वाटू शकते, हे मला तेव्हा कळले.

तिसऱ्यांदा असे घडले, तेव्हा बाईंनी मला विमानाच्या शेडमधल्या बाकावर बसवले.

"पाय दुमडतोस तू. मी दोन बोटं दाखवते, म्हणजे काय?"

"पाय लांब करायचे."

"मग करत का नाहीस?"

मी मान डोलावली.

"अरे, हे काय उत्तर झालं?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणला. "हे बघ, पोरगा गुणी आहेस. पण गरगरत पडणाऱ्या माणसाचं पॅराशूट दोऱ्यांत गुंतू शकतं. उद्या शेवटची उडी. स्थिर राहिलास तर पुढे शिकवीन. नाही राहिलास, तर मी तुला परत विमानात चढवणार नाही. तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी बाईंच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होतो. ताई भांडी विसळत होती. तिने फोन ओढून घेतला.

"अगं, हात ओले आहेत!"

"गप रे. बघू दे माझा भाऊ कसा गरगरतो ते."

तिने एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि ओट्याला धरून हसत सुटली.

"अरे बावळटा, तू त्यांना हो म्हणतोयस!"

"काहीतरीच काय!"

"हे बघ ना. त्यांनी बोटं दाखवली, की तू डावीकडे वळून मान लववतोस. आईने भाजी वाढू का विचारलं, की करतोस ना, अगदी तस्सं."

मी पाहिले. हेल्मेटमधले माझे डोके अदबीने डावीकडे झुकत होते. हनुवटी खाली येत होती, तिच्या मागोमाग डावा खांदा, आणि तो खाली गेला की वारा मला फिरवत होता. फिरताना पाय दुमडत होते. ते पाहून बाई पुन्हा बोटे दाखवत होत्या, आणि मी अधिकच नम्रपणे पुन्हा हो म्हणत होतो.

मलाही हसू आले. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यातसुद्धा मला कुणाला नाराज करायचे नव्हते.

ताईने मला बाकावर पालथे घातले. हातपाय पसरून, हनुवटी उचलून मी कमान धरली. तेवढ्यात आई आली.

"हे काय नवीन?"

"आई, याला काहीही विचार. मान हलली की हा पडला."

"पडला म्हणजे?"

"म्हणजे नापास झाला गं!" ताई घाईने म्हणाली.

आईने विचार केला. "चहा घेणार?"

मान हलली.

"पडला!" ताई ओरडली.

"कपाट आवरलंस?"

मान पुन्हा हलली.

"खोटं ते खोटं, वर मान डोलावून!" ताई म्हणाली.

"तुझ्यासाठी मुलगी बघू?"

मी दगडासारखा निश्चल राहिलो.

"जमलं!" ताईने टाळी वाजवली. "बाईंना सांग, वर हेच विचारा म्हणावं."

पुष्कळ वेळ हा खेळ चालला. शेवटी आई माझ्यासमोर खाली बसली. आता ती हसत नव्हती.

"सुखरूप येशील ना रे?"

तिथे मान न हलवणे सर्वांत अवघड गेले.

"येईन," मी म्हणालो. कमान मोडली नाही.

सकाळी बाईंना हे सांगितले, तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, आकाशात अदब पाळणारा तू पहिलाच! अरे, वर मी तुला काही विचारत नसते. उत्तर कसलं देतोस? पाय लांब कर, तेच तुझं उत्तर."

विमानाचे दार उघडले. थंड वाऱ्याने श्वास हिसकावून घेतला. आम्ही बाहेर झेपावलो.

पट्ट्यावर बाईंचा हात होता. मग तो नव्हता.

क्षितिज थरथरले. डोळ्यांच्या कडेला दोन बोटे दिसली, आणि मानेच्या मुळाशी जुनी सवय चुळबुळली. तिला मी तिथेच राहू दिले. फक्त डोळे वळवले. पाय लांब केले. नडग्यांवर वाऱ्याचा दाब आला, कंबर आणखी खाली गेली, आणि क्षितिज थांबले.

थांबले म्हणजे खरोखर थांबले. नदी आपल्या जागी, रस्ता आपल्या जागी, ढगांच्या सावल्या शेतांवर पसरलेल्या. आणि त्या साऱ्यावर मी, उघडा, न आवरलेला. त्या क्षणी मला कुणापासूनही काही झाकायचे नव्हते.

बाईंनी बोट फिरवून वळण्याची खूण केली. मी उजवा हात जरासा खाली दाबला. जग आज्ञाधारकपणे सरकले. नदीचे वळण समोर येताच मी हात सरळ केला, आणि जग जिथे हवे तिथे थांबले. आजवर ते मला फिरवत आले होते. बाईंचे गाल वाऱ्याने फडफडत होते, पण त्यांतूनही त्यांचे दात दिसले.

मनगटावरच्या उंचीमापकाचा काटा ठरलेल्या उंचीवर आला. मी दोन्ही हात हलवून इशारा दिला आणि पॅराशूटची कळ ओढली. खांद्यांना हिसका बसला. वर कापड भरून उभे राहिले, आणि इतकी शांतता पसरली की मला माझेच ओरडणे ऐकू आले. शब्द नव्हते त्यात. तसे मी पूर्वी कधी ओरडलो नव्हतो.

गवतावर पाय टेकले, पाठोपाठ बूडही टेकले. बाई जवळच उतरल्या होत्या. लांब ढांगा टाकत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पुढचं शिकवणार ना?" मीच आधी विचारले.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी इथून उठणार नाही."

"तोंड फुटलं वाटतं पोराला!" मग त्यांनी धावपट्टीकडे बोट केले. "विमान परत भरतंय. दुसरं पॅराशूट चढव पाठीवर. पळ!"

सुटलेले कापड छातीशी कवटाळून मी धावलो. त्याचे एक टोक निसटून पायांत येत होते. मी एकदा धडपडलो, उठलो, आणि पुन्हा धावत सुटलो.