हिराच्या पानावरची दुरुस्ती

मित्रांनो, मी आलेखकागदाची एक जुनी नोंदवही आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरने मला शिवून जाड पुठ्ठा चढवला. माझे मालक कचरूराव तंत्रनिकेतनात शिकले आणि एका कारखान्यात यंत्रांची आरेखने काढत राहिले. निवृत्तीनंतर वारज्याच्या घरी ते कथा लिहू लागले, तेव्हा कथेतल्या माणसांची माहिती माझ्याकडे आली. कोणाची उंची किती, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, कोणाचे दार पूर्वेला उघडते. आरेखनावर असतो तसा दुरुस्तीचा तक्ता त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी आखला: बदल, तारीख, कारण. कारण लिहिल्याशिवाय माझ्यातली एकही नोंद बदलत नसे.

पाहुण्यांना ते मला कौतुकाने दाखवत. कथा मात्र परत येत. "तपशील अचूक आहेत, माणसे दिसत नाहीत," असे एका संपादकांनी कळवले. त्यानंतर वर्षभर मी कपाटावर धूळ खात होते.

यंदा त्यांनी पुन्हा एक कथा लिहिली. हीही परत आली तर लेखन बंद, असे त्यांनी पत्नीला, जयाबाईंना, सांगून टाकले. नायिका हिरा. माझ्यात तिची नोंद होती: डावा पाय अधू, जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबते. मसुदा तपासताना त्यांना आढळले, की शेवटी हिरा तीन मजले धावत चढली आहे. त्यांनी खोडरबर उचलला.

"खोडताय कशाला?" भाजी निवडता निवडता जयाबाईंनी विचारले.

"नोंदीत बसत नाही."

"मग नोंदीला सांगा जरा सरकून बसायला. अहो, माझे गुडघे कामातून गेलेत ना? नात गच्चीच्या कठड्यावर चढली होती, तेव्हा मी वर कशी आले?"

"धावत."

"त्याची नोंद केलेली दिसत नाही."

कचरूरावांनी खोडरबर खाली ठेवला. ओळ ठेवायची, तर हिराच्या पानावर बदल नोंदवणे भाग होते, आणि त्यापुढे कारण. ते त्यांनाच ठाऊक नव्हते. चार दिवस तो रकाना कोरा राहिला. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिले: "वर धाकटी बहीण आजारी आहे. सात वर्षे दोघींचे बोलणे नाही." मग सगळी कथा पहिल्यापासून नव्याने लिहिली.

संपादकांनी ती छापण्यासाठी ठेवून घेतली. कचरूराव आता पुढच्या कथेसाठी माझी पाने आखत आहेत.

मित्रांनो, नोंदी जरूर ठेवा आणि त्या जपा. पण एखादे पात्र तुमची नोंद मोडून धावत सुटले, तर त्याला अडवण्याआधी ते कोणाकडे निघाले आहे, एवढे पाहा.