तालुका कोणता?

बुधी त्या दिवशी धाकट्या बहिणीकडे, फागीकडे, नागलीच्या निंदणीला गेली होती. दोघींची गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांना. बुधीचं जव्हार तालुक्यात, फागीचा आंबेपाडा मोखाड्यात. पण बाजार दोघींचा जव्हारचाच, आणि जन्मही जव्हारच्याच काठाला.

दुपारी फागीच्या घोट्याला साप चावला. तिचा नवरा ढवळू ठाण्याला बिगारी कामावर. फोनला रेंज फक्त टेकडीवर. बुधी धापा टाकत चढली आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला.

"गाव?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"आंबेपाडा."

"तालुका कोणता?"

"जव्हार," बुधीच्या तोंडून गेलं. जन्मभर कोणी विचारलं की ती हेच सांगत आली होती.

जव्हार तालुक्यातही एक आंबेपाडा आहे, पार दुसऱ्या टोकाला. गाडी तिकडे गेली. तिथून ड्रायव्हर फोन लावत राहिला, तेव्हा बुधी खाली फागीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. विचारत विचारत गाडी आली तोवर दिवस कलला होता. फागीला पापण्या उचलवत नव्हत्या. "पोरीला जेवाय घाल," एवढंच ती पुटपुटली. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेचे हरेश गुरुजी मृत्यूच्या नोंदीचा कागद भरून द्यायला आले. लिहिता लिहिता ते 'तालुका' म्हणाले, तशी बुधी सावरून बसली.

"गुरुजी, तालुका म्हंजे काय वो?"

गुरुजींना वाटलं, सहज विचारतेय. "मूळ अरबी शब्द. तअल्लुक म्हणजे संबंध, नातं. जो मुलूख ज्याच्याशी जोडलेला, तो त्याचा तालुका."

"नातं?"

"हो."

"मंग मी सांगलं ते बरोबरच ना? माझं नातं जव्हारचं. तिचंबी."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

ढवळू मेहुणीला कधी एका शब्दानं बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. तो पुन्हा ठाण्याला गेला आणि फागीची सहा वर्षांची प्रतिक्षा बुधीकडे राहिली. पाणी आणायला गेली की पोर हंडा तसाच ठेवून पलीकडच्या काठाकडे बघत बसते. बुधी तिला हाक मारत नाही. शेजारी जाऊन बसते.