मागची भिंत

"शिडी नीट धर," बाबा म्हणाले, आणि ब्रश न थांबवता त्याच श्वासात पुढे म्हणाले, "सोमवारी घराचं कोर्टात आहे."

मी शिडी धरूनच होतो. वरून रंगाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

"कुठल्या घराचं?"

"ह्याच. आपल्याकडे काय दहा आहेत?" त्यांनी मान मागे करून भिंत न्याहाळली. "वरच्या कोपऱ्यात ओघळ दिसतोय का रे?"

ओघळ नव्हता. बाबांच्या हातून भिंतीवर ओघळ कधी राहत नसे. मॅलकी टूही हे बाबांचं नाव निघालं की आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात लोक आधी आपल्या घराच्या भिंतीकडे बघत; अर्ध्या घरांचा गिलावा त्यांच्या थापीखालून गेला होता. मग बांधकामं बंद पडली. ज्या वसाहतींना त्यांनी गिलावा केला, तिथे दारं-खिडक्या बसल्याच नाहीत आणि दिवाणखान्यांतून गवत वाढलं. त्यानंतर आईचं आजारपण आलं. ती गेली तेव्हापासून बँकेची पाकिटं न फोडता बिस्किटांच्या डब्यात जात होती, हे मला त्या दिवशी शिडीखाली उभा असताना कळलं.

आमचं घर बाबांनी स्वतः बांधलेलं. समोरून गुळगुळीत, सायीच्या रंगाचं. मागची भिंत मात्र उघड्या सिमेंटच्या ठोकळ्यांची, पंचवीस वर्षं तशीच. आई त्यावरून टोमणे मारायची. बाबा म्हणायचे, "तिकडे शेत आहे. कोण बघतंय?"

आणि यंदा स्टेशनचा मान आमच्या घराकडे आला होता. आमच्या क्लूनगारा गावात दर शरद ऋतूत एका घरी फादर येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना होते, सगळं गाव येऊन बसतं आणि मग न्याहारी; ह्यालाच स्टेशन म्हणतात. ज्याचा मान असेल तो घराला रंग देतो. मान पुढे ढकलणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसलंय, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून घर जाण्याच्या आठवड्यात बाबा घराला रंग देत होते.

"सरकारनं माणसं नेमलीत," मी रात्री जेवताना म्हणालो. मी नोकरीला होतो तिथे, डब्लिनमध्ये, मला कुणीतरी सांगितलं होतं. "हप्ते थकलेल्यांसाठीच. घरी येतात, बँकेशी बोलतात, कोर्टात सोबत उभी राहतात. आपल्याला एक पैसा पडत नाही."

"फुकट?"

"फुकट."

"मग माझ्याहून जास्त नड असेल त्याला द्या म्हणावं."

"बाबा, घर चाललंय."

"ते माहीत आहे मला. म्हणून काय दुसऱ्याचं घ्यायचं?"

सकाळी मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ते फोनमध्ये इतकंच बोलत राहिले : "हो. हो. छान. फारच छान." फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बाई चांगली आहे. गुरुवारी सकाळी येतेय. ग्रॉन्या स्कॅनलन."

"गुरुवारी? गुरुवारी स्टेशन आहे!"

"ते मला कळत नाही का?"

"मग तिला सांगायचं ना!"

"तिनं इतक्या गोडीनं विचारलं, फिंटन," ते केविलवाण्या सुरात म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

पुन्हा फोन करून नको म्हणणं तर त्याहून अशक्य. एकदा हो म्हटल्यावर ते अपमान केल्यासारखं झालं असतं. मी करतो म्हणालो, आणि मीही त्यांचाच मुलगा असल्यामुळे फोनपाशी जाऊन परत आलो.

गुरुवार उजाडला तो धुक्यात. टेबलाखाली विटा ठेवून आम्ही ते उंच केलं, त्यावर आईचं तागाचं कापड अंथरलं, दोन मेणबत्त्या लावल्या. गाव येऊ लागलं. सर्वांत पुढे कन्सेप्टा बेर्न. तिच्या जिभेला फादरसुद्धा वचकून असत.

"मॅलकी, काय रे हा रंग! लांबून वाटलं, कुणी केक ठेवलाय रस्त्यावर." मग माझ्याकडे वळून, "आणि हे काय, डब्लिनात जेवायला घालत नाहीत वाटतं? वारा आला तर धरून ठेवा रे ह्याला."

मिस्सा सुरू झाली. ज्या ओट्याशी आई पाव मळायची तिथे शेजारी गुडघे टेकून होते आणि टेबलावर मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. फादरनी प्रसादाची भाकर उचलली तेव्हा बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, हे घर कागदावर कुणाचंही असो, आत्ता ते आमचंही नाही, बँकेचंही नाही.

मग टेबलावरून मेणबत्त्या हलल्या, सॉसेज तळण्याचा वास सुटला, आणि त्याच वेळी अंगणात एक छोटी गाडी वळली. पन्नाशीची एक बाई उतरली. काखेत जाडजूड फाइल. ती दारात आली आणि भरलेलं घर पाहून उंबऱ्यावरच थबकली.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"ह्या कोण म्हणायच्या?" म्हाताऱ्या जॅरलथनं विचारलं. त्याला ऐकू कमी येई, म्हणून तो ओरडूनच विचारी.

बाबा ओल्या चुन्यासारखे पांढरे पडले. एक साधी थाप मारली असती तरी भागलं असतं. पण नुकतंच जिभेवर प्रसाद घेतलेला माणूस. त्या तोंडानं खोटं बोलणं त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. ते नुसते उभे राहिले, हातात चहाची किटली घेऊन. पुढच्या क्षणी सगळं गाव ओळखणार होतं.

"ह्या कोण म्हणजे काय?" कन्सेप्टाचा आवाज कडाडला. "डोळे पण गेले का जॅरलथ? अट्रॅक्टाच्या मावशीची नात नव्हे का ही, बॅलीमोटची! ये ग बाई. मिस्सा चुकवलीस ना? लाज नाही वाटत?"

अट्रॅक्टा म्हणजे माझी आई. बॅलीमोटला तिची कुणी मावशी नव्हती.

"रस्त्यात गाई आडव्या होत्या," ग्रॉन्या शांतपणे म्हणाली, आणि फाइल कोटाच्या आत गेली.

कन्सेप्टानं तिचा कोट फाइलसकट उतरवून घेतला, खुंटीला लावला, आणि ओट्याकडे जाऊन एक कप भरून तिच्यापुढे ठेवला. कपात काळा चहा होता.

हे फक्त मी पाहिलं, असं मला क्षणभर वाटलं. आमच्याकडे बिनदुधाचा चहा कुणी पीत नाही. मागितलाच तर लोक प्रकृती विचारतात. ग्रॉन्यानं काही मागितलं नव्हतं. कन्सेप्टानं काही विचारलं नव्हतं. हा चहा कन्सेप्टानं तिला पूर्वी दिला होता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि एकदाच नव्हे.

मी वर पाहिलं. शेगडीजवळचं फ्लिन जोडपं उठून उभं राहिलं होतं. नवरा खिडकीबाहेर बघत होता; बायकोनं आपली खुर्ची अलगद ग्रॉन्याकडे सरकवली. कोपऱ्यातून कुणीतरी पावाची ताटली पुढे केली, मान न वळवता. कुणीही तिला नाव विचारलं नाही. जॅरलथला कुणी काही समजावलं नाही. ज्या गावात आदल्या दिवशीची शिंकसुद्धा चर्चच्या पायरीवर पोचते, त्या गावानं एवढी मोठी गोष्ट वर्षानुवर्षं आपापल्या काळजात ठेवली होती. प्रत्येक जण एकट्यानं कर्जात बुडाला होता, आणि प्रत्येकाच्या दारात हीच बाई येऊन काळा चहा पिऊन गेली होती. मघाशी मिस्सेत मी गुडघे टेकले होते ते सवयीनं. आता कुणी टेकायला सांगितलं असतं तर खरोखर टेकले असते.

बाबांनी किटली खाली ठेवली. त्यांची नजर त्या कपावर होती.

स्टेशनची न्याहारी अंधार पडेपर्यंत लांबते. पत्ते निघतात, व्हिस्की निघते. त्या दिवशी कन्सेप्टानं बशीवर चमचा वाजवला. "चला उठा. मॅलकीला घरच्या माणसाशी चार शब्द बोलू देत."

"आत्ता? अजून केक कापलेला नाही!" जॅरलथ ओरडला.

"तुझ्या तोंडात कोंबते, चल," ती म्हणाली. तिनं एक तुकडा कापून खरंच त्याच्या हातात दिला, आणि पाहता पाहता घर रिकामं झालं.

बाबांनी टेबलावरचं कापड काढलं, कडेला कड जुळवून घडी केली. मग बिस्किटांचा डबा आणून त्याच टेबलावर ठेवला.

"तुम्हाला किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सरकारनं दिलेत."

"पण कन्सेप्टा... म्हणजे तिलाही..."

"माझ्याकडे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही, मॅलकी," ग्रॉन्या म्हणाली. "तुमचंही सांगणार नाही."

बाबांनी मान हलवली. ग्रॉन्या केक कापायची सुरी पुसून तिनं पाकिटं फोडू लागली. मध्येच तिनं विचारलं, "हे घर तुम्ही बांधलंत? मघाशी गाडी लावताना मागून पाहिलं."

"मागून बघायचं नसतं हे घर," बाबा ओशाळून म्हणाले.

"तुमचंच आहे ना? मग तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि पुढचं पाकीट उचललं.

सोमवारी कोर्टाच्या बोळात भिंतीवर नावं लावली होती, आणि लोक आपलं नाव दुसऱ्याचं असल्यासारखं वाचून पुढे सरकत होते. ग्रॉन्या तिथल्या मदतनिसांच्या टेबलामागे बसली नव्हती. ती आमच्याजवळ उभी राहून पावसापाण्याचं बोलत होती, कुणालाही वाटावं, नात्यातली कुणी आहे. आत नाव पुकारलं गेलं. आमच्या आधी पुकारलेल्या बहुतेक नावांना कुणी ओ दिली नव्हती. बाबा उठले. "आहे मी," ते म्हणाले, मिस्सेत उत्तर देतात तेवढ्याच आवाजात. कोर्टानं मुदत दिली.

हिवाळाभर कागद फिरले. हप्ता लहान झाला आणि फार लांब. बाबा सत्तरी ओलांडतील तेव्हा तो संपेल. घरामागचा शेताचा तुकडा मात्र विकावा लागला. मी कधी परतलो तर तिथे माझं घर बांधायचं, असं आईनं ठरवलं होतं. आता तिथे दुसऱ्याच्या गाई चरतात.

ईस्टरला मी घरी गेलो तेव्हा पुढच्या दारी कुणी नव्हतं. मागून थापीचा खरखर आवाज येत होता. बाबा शिडीवर होते. ओळंबा वाऱ्यात किंचित हलत होता आणि मागच्या भिंतीचे ठोकळे वरून खाली एकेक करून ओल्या करड्या गिलाव्याखाली जात होते.

"शिडी धर," ते म्हणाले.

मी धरली. कुंपणापलीकडच्या गाई मान वर करून बघत उभ्या होत्या. बाबांनी कोपऱ्यापर्यंत हात नेला, मागे झुकून पाहिलं, आणि समाधान न झाल्यामुळे तोच कोपरा पुन्हा घेतला.