गाळलेला आवाज

१

यंत्र जेवणाच्या ताटाएवढं होतं. गोल, काळं, आणि वर रबराचे तुकडे बसवलेले, कलिंगड कापून फोडी परत जागच्या जागी लावाव्यात तसे. प्रत्येक फोडीला बोट लावलं की वेगळा आवाज. कडेला एक बटण. ते दाबलं की छोट्या पडद्यावरचा आकडा पुढे सरकायचा आणि सगळ्या फोडींचे आवाज बदलायचे.

विजयमालाताईंचा पुतण्या कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत वर्ष काढून आला, त्याच्या बॅगेतून हे यंत्र कसबा पेठेत उतरलं. खाली छापलेलं होतं की ते जपानात बनलंय. ताईंचा ऑर्केस्ट्रा होता आणि तालमी एका मंडळाच्या माडीवरच्या खोलीत चालायच्या. खाली दिवसभर तांब्याची पातेली ठोकली जायची, वर ह्यांची गाणी. ताईंनी यंत्र अनिरुद्धच्या मांडीवर ठेवलं. तो ढोलकी वाजवायचा, आणि वाजवणाऱ्यांत इंग्रजी धडपणे वाचणारा तोच होता.

"ह्यात काय काय आहे ते सगळं शोधून काढ," ताई म्हणाल्या. "नुसतं शोभेला ठेवायला माझ्याकडे तुम्ही सगळे आहात."

पहिल्या आकड्यावर कोंगो निघाला. अनिरुद्धला आनंद झाला, अगदी खरा आनंद. त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "बद्री, इकडे ये. तुझा कोंगो. हुबेहूब आहे रे."

बद्रीनाथ ऑर्केस्ट्रात कोंगो, म्हणजे हाताने वाजवायचे उंच उभे ढोल, वाजवायचा. तो हसत आला, वाकून ऐकलं, स्वतःच दोन बोटं मारून बघितली. म्हणाला, "झकास. म्हणजे आता मला ते धूड जिन्यावरून उचलायला नको."

पुढच्या कार्यक्रमाला त्याला खरंच काही उचलावं लागलं नाही. त्याला बोलावलंच नव्हतं.

२

बद्रीनाथ हल्ली मांजरी गावात मेव्हण्याच्या रसवंतीवर असतो. अनिरुद्धने त्याला एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं. चरकात ऊस घालत होता, त्याने मान वर केली असती तर खिडकीतला हा दिसलाच असता. अनिरुद्ध बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

पायात चप्पल होती.

१७

खंजिरी. ही सापडली तेव्हा त्याने कोणालाही हाक मारली नाही. पण ताईंना कान होते.

स्टेजच्या अगदी कडेला पिशवी घेऊन बसलेला एक माणूस प्रत्येक ऑर्केस्ट्रात असतो. लोक त्याच्याकडे बघत नाहीत. पिशवीतून एकेक लहानसहान वाद्य काढून तो गाण्यात चव आणतो. खंजिरी, मराकस, त्रिकोण, खरखर करणारी खाचांची नळी, घुंगरू. ह्याला म्हणतात साईड ऱ्हिदम. ताईंच्या ऑर्केस्ट्रात तो माणूस म्हणजे कचरूकाका.

कचरूकाका येरवड्याचे, अनिरुद्धच्याच गल्लीतले. जयंतीच्या गायन पार्टीत ते पूर्वी ढोलकी वाजवायचे. एका वर्षी त्यांनी ती अनिरुद्धच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता तू. माझी बोटं बडबड करायला लागलीत." ताईंकडे त्याला आणलं तेही त्यांनीच, आणि स्वतः पिशवी घेऊन कडेला जाऊन बसले.

"कचरूभाऊ, खंजिरी ह्या वेळी राहू द्या," ताई म्हणाल्या.

"राहू दे की," काका म्हणाले.

४०

मराकस.

४१

त्रिकोण. ह्याचा आवाज इतका लांबत गेला की खाली पातेलं ठोकणाऱ्याचा हात थांबल्यासारखा वाटला. अनिरुद्धने घाईघाईने यंत्र बंद केलं, तर ताई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "ऐकलं हं मी."

असं करत करत पिशवी हलकी होत गेली. शेवटी तिच्यात घुंगरूच उरले. चामड्याच्या पट्टीवर ओवलेले पितळी घुंगरू, कोणाच्या पायात न बांधता हातात धरायचे आणि डाव्या तळव्यावर आपटायचे. वर्षानुवर्षं आपटून काकांच्या तळव्याला मधोमध काळा घट्टा पडला होता. ठसक्याचं गाणं लागलं की ते जरा पुढे सरकून बसत. तेवढ्या एका गाण्यापुरते लोक त्यांच्याकडे बघत.

१११

पावा. की पाव्यासारखं काहीतरी. ह्याचा कोणाला धोका नव्हता.

११३

दुपारी तो एकटाच माडीवर होता तेव्हा यंत्रातले घुंगरू सापडले. वाईट असते तर बरं झालं असतं. पण ते स्वच्छ होते, भरलेले होते. आजवर भाड्याच्या कुठल्याही माईकने काकांचे घुंगरू इतके चांगले ऐकवले नव्हते.

त्याच आठवड्यात हिंजवडीतल्या एका कंपनीचा कार्यक्रम आला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी मेळावा होता. पत्रकात लिहिलं होतं की स्टेज लहान आहे, आणि गेटवर पास लागतील, त्यामुळे मोजकीच नावं कळवा.

ताईंनी चष्मा कपाळावर सारला. "ह्यात घुंगरू आहेत का रे?"

"नाहीत."

"नीट बघितलंस?"

"सगळं बघितलं, ताई."

"जपान्यांना घुंगरू सुचले नाहीत म्हणायचं. बरं. मग घाल कचरूभाऊंचं नाव."

काम झालं. त्या दिवसापासून अनिरुद्धच्या अंगठ्याला एक सवय लागली. कोणासमोर आवाज बदलताना एकशे अकरा आला की तो बटण दोनदा दाबायचा, टक टक, आणि एकशे तेरावर जायचा. बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मनातल्या मनात तो स्वतःवर थोडा खूषही होता. बद्रीचं झालं ते झालं, काकांचं तरी वाचवलं. पण काकांना ही बातमी ताईंनीच सांगितली, आणि काका ती घेऊन गावभर निघाले.

"सगळं केलं रे जपान्यांनी," चहाच्या गाडीवर ते चहावाल्याला म्हणाले. "कोंगो केला, खंजिरी केली. घुंगरू नाही जमले. विचार ह्याला."

ह्याला म्हणजे अनिरुद्धला. अनिरुद्धने मान हलवली.

रविवारी विहारात वंदना संपल्यावर त्यांनी तेच सांगितलं. वर्षभर कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं, त्या दिवशी दहा जणांनी विचारलं. कोणीतरी त्यांना "जपानला भारी" म्हणालं आणि ते नावच पडलं. त्यांनी कसब्यातून नवी चामड्याची पट्टी करून आणली. सुंदराबाईंनी, त्यांच्या बायकोने, चिंचेने घुंगरू घासून दिले. घासता घासता त्या अनिरुद्धला म्हणाल्या, "बघ बाबा, ह्या वयात चकाकी आलीय. मला वाटलं होतं घासून निघणार नाही." घुंगरांबद्दल म्हणाल्या की नवऱ्याबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. काका पलंगावर बसून लाजल्यासारखे हसले.

अनिरुद्धही हसला. दर वेळी तो हसायचा, आणि दर वेळी घरी गेल्यावर त्याला आपला चेहरा नळाखाली धरावासा वाटायचा. एकदा त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. काकांच्या दारापर्यंत गेला. आत काका कोणाला तरी सांगत होते, "पोरगं इमानदार आहे, त्याने एकेक आवाज तपासला." तो दारातून परत फिरला.

११४

हिंजवडी. काचेची इमारत, मागे हिरवळ, हिरवळीवर स्टेज. दुपारी माईक तपासणं चाललं होतं. कंपनीकडून सगळी व्यवस्था बघायला प्रियदर्शनी नावाची एक मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल. ती यंत्राभोवती घुटमळत होती.

"काका, ह्यात किती साऊंड आहेत?"

"सगळे," कचरूकाका म्हणाले. ते माईकसमोर तयार बसले होते. "एक सोडून." आणि त्यांनी घुंगरू तळव्यावर आपटले.

"हा नाही?"

"नाही. तुम्हाला सापडला तर मी घुंगरू तुम्हाला देऊन टाकतो."

"काका, माझं कामच ते आहे. टेस्टिंग. लोक म्हणतात नाहीये, मी शोधून काढते." ती यंत्रासमोर मांडी घालून बसली. "मी ना, शेवटून सुरुवात करते. पहिल्यापासून सगळेच बघतात."

अनिरुद्ध चार हातांवर ढोलकीच्या कड्या ओढत होता. यंत्राची वायर त्याच्या पायाजवळच होती. पाय लागला असता, वायर निघाली असती, कोणी काही म्हणालं नसतं. तो वायरकडे बघत राहिला. हिरवळीवरच्या मोठ्या स्पीकरमधून एकामागून एक आवाज येत होते: कुत्र्याचं भुंकणं, काच फुटणं, कोणाचं तरी खदाखदा हसणं. खुर्च्या मांडणारी माणसंही हसली. काका तर सगळ्यांत जास्त. "बघा, बघा," ते म्हणत होते, "कुत्रा आहे, पण घुंगरू नाहीत."

मग घुंगरू वाजले.

काकांनी आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, आपलाच हात हलला. हात तर मांडीवर होता. पुन्हा वाजले. आता त्यांनी अनिरुद्धकडे बघितलं, आणि अनिरुद्धने ढोलकीच्या कडीकडे.

"सापडला काका," प्रियदर्शनी म्हणाली. "एकशे बारा." ती हसत होती. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. काय बिघडलं ते तिला कळेना. "नको हं मला घुंगरू. गंमत केली," ती म्हणाली आणि मोबाईल कानाला लावून उठली.

विजयमालाताई स्टेजखालून वर आल्या. "अनिरुद्ध, तू सगळं बघितलं होतंस ना?"

अनिरुद्धने ढोलकीची कडी सोडली.

"मीच सांगितलं होतं त्याला, बाई," कचरूकाका म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "म्हटलं, एवढा एक दाखवू नको. त्याची काही चूक नाही."

ताईंनी काकांकडे बघितलं, अनिरुद्धकडे बघितलं. "तुम्ही दोघं नाटकात का नाही गेलात? गाणं तरी वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम होऊ द्या. मग बघू."

कार्यक्रम झाला. ठसक्याच्या गाण्याला काकांनी घुंगरू वाजवले आणि एकही ठोका सोडला नाही, पण पुढे सरकून बसले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत अनिरुद्धने शेजारची जागा धरून ठेवली होती. काका पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मांडीवर पिशवी घेऊन. येरवड्याला उतरले तेव्हाही ते पुढे चालत राहिले, आणि ज्या गल्लीत दोघांची घरं, तिच्यात अनिरुद्ध मागे मागे, त्यांच्या पावलांशी आपली पावलं जुळू न देता चालला.

११२

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः आले. अनिरुद्धच्या आईने चहा ठेवला आणि ती बाहेर जाऊन बसली. रात्री कार्यक्रमाहून घरी आणलेलं यंत्र कोपऱ्यात टॉवेलखाली होतं.

"काढ ते."

"काका, मी तुमच्यासाठी—"

"कळलं ते मला. रात्रीच कळलं." त्यांनी कप खाली ठेवला. "बाईंनी काढलं असतं तर घरी बसलो असतो. माणूस बसतो घरी. बद्री बसला की. पण मी सगळ्यांना सांगत फिरलो रे. विहारात सांगितलं. सुंदराने चिंच लावून घासले. आणि तू शेजारी उभा राहून हसत होतास."

अनिरुद्धला वाटलं, त्यांनी ओरडावं. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं.

"मी आज ताईंना खरं सांगतो," तो म्हणाला.

"मला खोटं पाडतोस? काल चारचौघांत बोललोय मी." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "बाईंचं मी बघतो. तू ते वाजव. पहिल्यापासून. मला सगळे ऐकायचेत. आता मधला एकही गाळू नको."

त्याने टॉवेल काढला, वायर लावली. पहिल्यापासून सुरुवात केली. काकांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. खंजिरीला म्हणाले, "जरा कोरडी आहे." मधेच एक मडक्यासारखा घुमणारा आवाज आला, तेव्हा डोळे न उघडता विचारलं, "हा कुठला?"

"आफ्रिकेकडचा आहे, काका."

"चांगला आहे. परत वाजव."

त्याने परत वाजवला. काकांची मान डोलली. मराकस आले, त्रिकोण आला, लांबत गेला, काकांनी तो पूर्ण विरेपर्यंत हात वर धरून पुढचा थांबवला. त्यांना मजा येत होती. अनिरुद्धला ते दिसत होतं, आणि त्याला तेच सोसवत नव्हतं. रागावलेल्या माणसासमोर मान खाली घालता येते. इथे मान कुठे घालायची ते कळत नव्हतं. त्याने ठरवलं होतं, तो आकडा आला की थांबायचं, यंत्र काकांच्या पुढ्यात सरकवायचं आणि म्हणायचं, हा तुमचा. जे बोलायचं ते तेव्हाच बोलायचं. शब्दही जुळवून ठेवले होते.

शंभर गेला. एकशे दहा गेला. एकशे अकरा, पावा.

टक टक.

कुठलासा ढोल वाजला. पडद्यावर एकशे तेरा होतं. अनिरुद्ध आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"दोनदा दाबलंस," ते म्हणाले. "मागे घे."