कालचा डबा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जपानमधल्या मोरिओकातल्या काझुएने मुलाच्या डब्यात भाताशेजारी अंड्याची गुंडाळी ठेवली. तीन वर्षं ती रोज पाचला उठत होती. आज शाळेचा शेवटचा डबा, म्हणून चिकनही तळलं होतं.

तोमोया डोळे चोळत आला.

"आई, शाळा कालच संपली. आता एकदम मार्चमध्ये, निरोप समारंभाला जायचं."

"मग काल सांगायला तोंड नव्हतं?"

"त्यात काय सांगायचं? डबाच तर होता."

"काल काय दिलं होतं रे मी?"

"नेहमीचंच असेल. आठवत नाही."

तिलाही आठवेना, आणि खरा शेवटचा डबा तर तोच होता. तोमोया पुन्हा झोपायला गेला. ती डब्यासमोर बसून राहिली. आठ वाजेपर्यंत तो उठला नव्हता.